निजलेलं झाड

"हे नाही. हे सोडून पुढे चला."

हा आवाज मी ऐकला तेव्हा माझी उंची मळ्यातल्या छाटलेल्या झाडांएवढी होती. थंडीचे दिवस. तोडणीवाले ओळीओळीनं सरकत यायचे, कात्र्यांची कचकच दवात भिजलेल्या पानांत बुडून जायची, आणि ते मळ्याच्या मधोमध पोचले की आई घरातून बाहेर यायची. ती ओरडायची नाही. ओरडण्याएवढा श्वास तिच्या छातीत मावतच नव्हता. तिथल्या एका झाडाच्या खोडाला पाठ टेकून ती उभी राहायची आणि हलकेच म्हणायची, हे नाही.

"का हो बाई, ह्याला काय सोन्याची पानं लागतात?" त्यांच्यातला कुणीतरी विचारायचा.

"लागत असती तर तुम्हाला दाखवली असती होय?"

माणसं हसायची आणि ओळ बदलून पुढे जायची.

बाकीची येर्बाची, आमच्या कडू चहाच्या पानाची, झाडं दर तोडणीला कापली जात, म्हणून ती बसकी, रुंद, कमरेत वाकलेल्या बायांसारखी दिसत. हे एकटंच सरळ वाढलं. त्याच्या शेंड्याला पोपट उतरत, सालीवर पांढरी बुरशी फुलांसारखी उमलत असे. बाबांनी त्याच्या सावलीत एक बाक ठोकून दिला होता. आम्ही त्याला निजलेलं झाड म्हणायचो. नाव आईचंच. वाळलेली पानं उखळात कुटताना ती मुसळाच्या ठेक्यावर गायची:

*कडू कडू पान, कडू कशाच्या गं पायी*
*किडा कुरतडे म्हणून झाड रात जागं राही*

*एक झाड निजलं, त्याला कुणी ना उठवा*
*माझ्या गं जिवाचा तिथं टेकला विसावा*

मला वाटायचं, गाणं आहे, गाण्यात काहीही असतं.

पराग्वेच्या सीमेवरच्या आमच्या मिसिओनेसच्या तांबड्या मातीत दिवस येर्बानं उघडतो. उजाडायच्या आत चुलीवर किटली चढते, भोपळ्याच्या तुंब्यात कुटलेलं पान भरलं जातं, त्यात चांदीची नळी खोचली जाते, आणि चुलीभोवती फेरी बसते. तुंबा एक, नळी एक, तोंडं अनेक. पाजणारा एकच असतो आणि पहिलं पाणी त्याचं. सगळ्यात कडू घोट आपण घ्यायचा, मग दुसऱ्याला द्यायचं. ज्याला पुरे झालं त्यानं तुंबा परत करताना "उपकार झाले" म्हणायचं. तोवर तुंबा फिरतच राहतो.

आमच्या घरात पाजणारी आई होती, आणि तिला येर्बा बंद होती. माझ्या जन्माच्या वेळीच ओबेरा शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं: हृदय नाजूक आहे, येर्बाचा घोटसुद्धा नको. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी रोज पहाटे पहिला तुंबा ती पीत होती आणि रोज पहाटे पेत्रोना मावशी, तिची धाकटी बहीण, शेजारच्या वाडीतून येऊन तेच भांडण काढत होती.

"ताई, तू नको पिऊस गं. मी पाजते, आण ती किटली इकडे."

"आणि मी काय करू? भिंतीला टेकून तुमची तोंडं बघू? मेल्यावर बघेन की."

"दाजी, तुम्ही तरी सांगा!"

बाबा चुलीत लाकूड सारत. "सांगून ऐकलं असतं तर माझ्याशी लग्न केलं असतं का तिनं?" एवढंच म्हणत.

मी अकरा वर्षांची असताना ऑगस्टातल्या ऐन थंडीत एका धुक्याच्या सकाळी फेरी उठल्यावर आई तुंबा घेऊन झाडाखाली जाऊन बसली. मावशी तिला बोलवायला गेली. आई बाकावर होती, मान खोडाला टेकलेली. मांडीवरचा तुंबा अजून कोमट होता.

अंगणात माणसं जमली तेव्हा मावशीनं तो तुंबा बाबांच्या पुढ्यात धरला.

"येर्बा वाळवता तुम्ही. घरात आणता तुम्ही. डॉक्टर बोलले तेव्हा तिच्या शेजारी बसला होतात तुम्ही. तुम्ही पाजलंत तिला, दाजी."

बाबा खाली मातीकडे पाहत राहिले. मी त्यांच्या पँटीचा काठ धरून उभी होते. ते "नाही" म्हणतील म्हणून वाट पाहत होते. ते नाही म्हणाले नाहीत.

त्यानंतर आमच्याकडे दोन चुली झाल्या. मावशी रोज आली, मला वाढवायला. माझ्या वेण्या घालायला, कसाव्याच्या पिठाच्या चिपाच्या भाकऱ्या भाजायला, माझे कान उपटायला. आईची किटली तिच्या हातात आली. पण तिच्या फेरीत ती आणि मी, दोघीच. बाबा त्यांचा तुंबा घेऊन मागच्या, पानं भाजायच्या भट्टीपाशी बसत. ती त्यांना देत नसे, ते मागत नसत. जेवायला वाढताना ती "दाजी, मीठ" म्हणे. ते "हं" म्हणत. वीसेक वर्षं एवढ्यावर गेली. अधूनमधून मावशी तुंबा चोखून तोंड वाकडं करी. "तुझ्या आईच्या हातची ती चव नाही. ती प्यायले की दुपारी कशी झोप लागायची मला! आता प्यायले की नुसती टक्क जागी."

मी मोठी झाले, पोसादास शहरात शिकले, तिथल्याच प्रयोगशाळेत कामाला लागले. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती कुठल्या प्रयोगशाळेत मिळण्यासारखी नव्हती: बाबांनी आईला येर्बा का पाजली. ती विचारता येत नव्हती म्हणून मी झाडालाच विचारत बसले असेन. माझं काम येर्बाच्या एका जनुकावर आहे. मावशीला मी ते एकदा पीठ मळता मळता सांगितलं होतं.

"मावशी, पानात कॅफिन असतं ना, झोप उडवणारं, छाती धडधडवणारं, ते झाड स्वतः बनवतं. किड्यानं पान खाऊ नये म्हणून. ते बनवायला एक विकर लागतं, म्हणजे पानाच्या आतला कामगार समज. आधी सौम्य पदार्थ तयार असतो. हा कामगार शेवटचा हात फिरवतो आणि त्याचं कॅफिन होतं."

"आणि त्या कामगाराला कामावर कोण लावतं?"

"जनुक. त्यात त्याला घडवायची सगळी कृती असते. पण कृती असली म्हणून रोज रांधलं जातंच असं नाही. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, ते वेगळं ठरतं."

"म्हणजे तुला पगार मिळतो तो पानांच्या स्वयंपाकघरात डोकावायचा." मावशीनं माझ्या गालाला पीठ लावलं. "बरं आहे. मी शेजारणीच्या डोकावले तर लोक नावं ठेवतात."

गेल्या एप्रिलात, थंडी पडायच्या सुमारास, बाबांची छाती दुखली. डॉक्टर वेगळे, बोलणं तेच: येर्बा बंद. बाबा घरी आले, आपला तुंबा धुतला आणि भट्टीच्या खुंटीवर उलटा टांगला. एरवी शेजारचे म्हातारे संध्याकाळी त्यांच्याकडे टेकायचे. ते आले, त्यांनी बाबांच्या हातात लिंबाच्या पानाचं गरम पाणी पाहिलं, थोडा वेळ पावसापाण्याचं बोलले आणि लवकर उठले. आमच्याकडे ज्याच्या हातात तुंबा नाही त्याच्याशी काय बोलावं हे माणसांना सुचत नाही. आठवड्याभरात येणं थांबलं. बाबा भट्टीपाशी एकटे बसलेले मी पाहिले आणि मनात एक वेडी आशा धरली. कॅफिन नसलेलं येर्बाचं झाड असू शकतं, आणि मी तेच तर शोधत होते. जुन्या जंगली झाडांची पानं गोळा करत मी सगळा मुलूख पालथा घातला होता. राहिलं होतं फक्त आमचं झाड. बाबा दर वेळी म्हणायचे, "त्याचं काय घेतेस, म्हातारं ते." आता मी सरळ विचारलं. त्यांनी गरम पाण्याचा पेला खाली ठेवला.

"घे," म्हणाले.

मी पानं तोडली, आमच्या झाडाची आणि शेजारच्या एका छाटलेल्या झाडाची, पुड्या बांधून बर्फाच्या पेटीत ठेवल्या आणि तोंड धुवायला गेले. मग निरोप घेऊन निघाले. पोसादासला पेटी उघडली तेव्हा प्रयोगशाळाभर धुराचा वास सुटला. पुड्या नव्यानं बांधलेल्या होत्या, बाबांच्या त्या दुहेरी गाठीनं. आत पानं होरपळून करकरीत झालेली.

पुढच्या शनिवारी मी घरी पोचले ती भांडतच.

"बाबा, पानं जाळावर धरलीत तुम्ही?"

"मग? कच्चं पान पोसादासपर्यंत काळं नसतं पडलं? आणि बर्फात ठेवलीस! पान बर्फात ठेवतात का, हालिना? तोडलं की जाळावरून फिरवायचं, हे तुला मी शिकवायचं?"

"अहो, मला कच्चंच हवं होतं! जनुक सुरू आहे का बंद, हे त्यानं धाडलेल्या निरोपांवरून कळतं. ते निरोप नाजूक असतात. जाळ लागला की संपले."

बाबांनी हात पाहिले आपले. "निरोप होते त्यात?"

"होते."

"मी जाळले?"

मावशी दारात उभी राहून ऐकत होती. ती फसकन हसली. "अगं, सगळा जन्म भट्टीवर गेलेला माणूस. त्याच्या घरात कच्चं पान सोडून तू तोंड धुवायला गेलीस! मांजरापुढे मासळी ठेवून देवळात गेल्यासारखी गत." मग तिच्या लक्षात आलं की आपण बाबांची बाजू घेतली, आणि ती आत गेली.

"निरोप जळाले, पण कॅफिन जाळानं जात नाही," मी बाबांना म्हटलं. "ते मोजलं मी. शेजारच्या झाडात भरपूर आहे. आपल्यात नाहीच म्हणा ना. नखाएवढं."

बाबांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मला वाटलं, माणूस झोपेत हसतोय. माझी जीभ मी तिथेच आवरायला हवी होती. पण मला अर्धी गोष्ट सांगता येत नाही.

"अजून खात्रीनं नाही सांगता येत, बाबा. ही जून पानं आहेत. जून पानात ते कमीच असतं. झाड ते बनवतं कोवळ्या पानांत. छाटलं, नवे धुमारे फुटले, की तो कामगार जोरात कामाला लागतो. आपलं झाड कधी कापलंच नाही, म्हणून कदाचित त्याला गरज पडली नसेल."

"कोवळ्या पानात," बाबा म्हणाले. "जास्त असतं?"

"सगळ्यात जास्त."

त्यांनी भिंतीला हात टेकला. मग बाहेर गेले. मी मागे गेले तर ते झाडाच्या पलीकडच्या अंगाला उभे होते, घरातून दिसत नाही त्या बाजूला. तिथे मी लहानपणापासून कधी नीट पाहिलंच नव्हतं. छातीएवढ्या उंचीवर खालच्या फांद्यांना गाठीच गाठी होत्या, हातानं मोडलेल्या डहाळ्यांच्या, वर्षानुवर्षं भरून आलेल्या. कात्रीची खूण एकही नाही.

"हे कशानं, बाबा?"

"वाऱ्यानं."

वारा शेंडे मोडतो. माणसाच्या हाताला येतील तेवढ्याच डहाळ्या तो निवडत नाही. मला तेव्हा अर्धं कळलं. इथून कुणीतरी दर वर्षी कोवळे शेंडे खुडत होतं. ते कुणासाठी, हे मी विचारलं नाही. पण आता मी जे मोजणार होते ते एका माणसाच्या वीसेक वर्षांच्या गप्प बसण्याचं माप होणार होतं. कोवळ्या पानात कॅफिन निघालं तर मी माझ्या हातानं बाबांना सांगणार होते की मावशीचं खरं होतं.

"राहू दे," मी म्हटलं. "नाही मोजलं तरी चालेल."

"कापायला लागेल?"

"हो. पण राहू दे, बाबा."

तोडणीचा मोसम होताच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी करवत काढली. करवतीचा आवाज ऐकून मावशी वाडीवरून धावत आली, अंगावर शाल नाही, पायात काही नाही, आणि खोडाला पाठ लावून उभी राहिली.

"हे नाही," ती म्हणाली.

आईचाच आवाज. तोच हलका, तसाच. बाबांच्या हातातली करवत खाली आली.

"बहिणीचा शब्द आहे माझ्या. ती गेली ह्याच्याखाली. तुम्हाला काही म्हणजे काहीच कसं वाटत नाही, दाजी?"

"बाजूला हो, पेत्रोना."

"आधी सांगा. कशाला कापायचंय?"

"मला कळायला हवंय."

"काय?"

बाबांचे ओठ हलले. मला वाटलं, आता. पण ते एवढंच म्हणाले, "मी फार दिवस जगणार नाही. मला कळल्याशिवाय नाही जायचं."

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय दिसलं तिला कुणास ठाऊक. ती बाजूला झाली. बाबांनी फांद्या उतरवल्या, हळूहळू, दर फांदीला थांबून, छाती धरून. मी मदतीला गेले तर मला हटकलं. रिवाजाप्रमाणे एक फांदी त्यांनी वर ठेवली, झाडाला श्वास राहावा म्हणून. पडलेली पानं त्यांनी एकट्यानं जाळावरून फिरवली, माचेवर वाळवली, एका कापडी पिशवीत भरून भट्टीच्या तुळईला टांगली. प्यायले नाहीत. रोज त्या पिशवीकडे बघत गरम पाणी पीत राहिले.

मावशी आठवडाभर फिरकली नाही. मग आली, झाडाकडे पाठ करून बसली आणि चूल पेटवली.

ऑक्टोबरात धुमारे फुटले. कापलेल्या बुंध्यावर तांबूस, लुसलुशीत, बाळाच्या नखांसारखी पानं. मी ती तोडून जागच्या जागी गोठवली, द्रव नायट्रोजनच्या वाफाळत्या थंड डब्यात. बाबा शेजारी उभे होते, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून.

"हात का बांधलेत?"

"माझा भरवसा नाही त्यांच्यावर," ते म्हणाले. हसले नाहीत.

पोसादासला मी त्या कामाला लागले. शेजारच्या झाडाच्या कोवळ्या पानांत निरोपांचा नुसता गजबजाट होता, जनुक ओरडून ओरडून कामगार बोलावत होतं. आमच्या झाडाचं मोजायला लावलं आणि मी खोलीबाहेर जाऊन बसले. कॉरिडॉरच्या खिडकीतून नदी दिसते, पलीकडे पराग्वे, आईच्या आजोळचा काठ. मी आईला म्हटलं, तूच सांग बाई काय ते.

मी परत आत गेले. आमच्या झाडाच्या रकान्यात शांतता होती.

खात्रीसाठी पुन्हा केलं. नव्या पानांतही कॅफिन नखाएवढंच. जनुक मी अक्षर न् अक्षर वाचून काढलं. ते धड होतं, कुठे मोडलेलं नाही. पण त्याच्या अलीकडे एक जागा असते, जिथे "आता सुरू कर" हा इशारा येऊन टेकतो. आमच्या झाडात त्या जागेचा तुकडाच नाही. इशारा येत असेल, कापलं तरी येत असेल, किडा लागला तरी येत असेल. पण त्याला टेकायला जागा नाही, म्हणून तो निघून जातो. कामगार कधी घडतच नाही. आधीचा सौम्य पदार्थ तेवढा पानात साचून राहतो. झाड निजलेलं होतं, जन्मापासून, आणि माझ्या आईला ते कुठल्याही यंत्राशिवाय कळलं होतं.

नाताळच्या आधी मी घरी आले. आमच्याकडे तो ऐन उन्हाळा, ऊन असं की अंगणातली माती डोळ्यांत चमकत होती. मावशी पडवीत फेरी मांडून बसली होती, एकटीच. बाबा भट्टीच्या दारात उभे राहिले, पडवीत आले नाहीत, आत गेलेही नाहीत.

"सांग," म्हणाले.

"नाही त्यात."

"कोवळ्यात?"

"कोवळ्यातही नाही. कापल्यावरच्या पानांतही नाही. ते झाड बनवतच नाही, बाबा. कधी बनवलंच नसणार."

"जुन्या दिवसांतही?"

"जुन्या दिवसांतही."

त्यांचा प्रश्न मला ऐकू आला, न विचारलेला. मला खोटं सांगता आलं असतं. पण ज्यांनी इतकी वर्षं खरं कळायची वाट पाहिली त्यांना उसनं काही देणं मला जमेना.

"आईचं हृदय कशानं थांबलं ते पानं सांगणार नाहीत, बाबा. ते मुळातच नाजूक होतं, त्यात जे उरलं होतं ते सौम्य का होईना, काहीतरी होतंच. मी एवढंच सांगू शकते: डॉक्टर ज्याला भीत होते ते त्या पानात नव्हतं."

मावशी आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होती. "कुठल्या पानात? काय बोलताय दोघं?"

बाबा भट्टीत गेले. खुंटीवरचा तुंबा काढल्याचा आवाज आला, मग तुळईवरच्या पिशवीची गाठ सुटल्याचा. ते आले तेव्हा तुंबा भरलेला होता, नळी खोचलेली. वीसेक वर्षांत पहिल्यांदा ते मावशीच्या चुलीपाशी बसले, गुडघे कुरकुरत.

"किटली दे," ते म्हणाले. "आज मी पाजतो."

मावशीचा हात किटलीवर घट्ट झाला. "तुम्हाला बंद आहे."

"दे, मावशी," मी म्हटलं.

तिनं दिली. बाबांनी पाणी ओतलं, उकळतं नाही, आई ओतायची तसं, नळीच्या कडेनं. पहिला तुंबा ते प्यायले. सावकाश, शेवटची गुरगुर येईपर्यंत. मग पुन्हा भरला आणि तिच्यापुढे धरला.

मावशीनं लगेच घेतला नाही. अंगणात कोंबड्या मातीत खड्डा करून बसल्या होत्या. झाडावरची ती एक उभी फांदी वाऱ्यानं हलली. शेवटी तिनं हात पुढे केला, नळी ओठांत धरली, एक घोट घेतला.

आणि थांबली. दुसरा घेतला. तिची नजर तुंब्यावरून उठून बाबांवर गेली.

"ही चव," ती म्हणाली. "दाजी, ही तर ताईच्या हातची..."

"तिच्या हातची, पण ह्या झाडाची," बाबा म्हणाले. "पहाटेच्या फेरीला घरात दुसरी येर्बा कधी आलीच नाही. हालिनाच्या जन्मानंतर एकदा तिनं ह्याची पानं उकळून पाहिली, छाती धडधडली नाही, दुपारी गाढ झोपली. मला म्हणाली, तेओदोरो, हे माझ्यासाठी ठेव, पण कुणाला सांगू नकोस. माझी वेगळी, आजारी माणसाची म्हणून काढलीस तर पेत्रोना माझ्या हातातून किटली घेईल. म्हणून मी मागच्या बाजूनं शेंडे खुडत राहिलो आणि सगळ्यांनाच ती पाजली. शेवटच्या दिवशीही तीच होती. तू तुंबा माझ्यापुढे धरलास तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही, कारण मला ठाऊकच नव्हतं. तिचा शब्द सोडून माझ्याकडे काही नव्हतं. मला वाटायचं, चुकली असेल ती, आणि मी तिला रोज, माझ्या हातानं... पाजलं मीच तिला, पेत्रोना. आणि तू तिच्या शेजारी बसून रोज तीच पीत होतीस."